एका उन्हाचे नऊ ठिपके

सव्वीस वर्षांत सईदाने कापडाला कधी माफी दिली नव्हती. धामणकर नाक्यामागच्या कारखान्यात लूमवरून उतरलेलं प्रत्येक ठाण तिच्या हातांखालून जायचं. गाठ असो, डाग असो, तिथे तिचा खडू उमटलाच म्हणून समजा. नायिकेने प्रवेश घ्यावा अशा थाटात ती खिडकीशी उभी राहायची आणि कापड उजेडात धरायची.

त्या सकाळी नवी, अगदी तलम मलमल आली. समोरच्या गच्चीवरच्या स्टीलच्या टाकीवर उन्हाचा एक ठिपका चमकत होता. मलमलीतून बघते तर त्या एका ठिपक्याचे नऊ! कडांना तांबडी-निळी झाक. कापड बाजूला केलं, एक. पुन्हा धरलं, नऊ.

डोळे गेले की कापड बिघडलं? डोळे गेले म्हणावं तर काम गेलं. तिने दोष कापडावर ढकलला आणि ठाणावर बाद मालाची फुली मारली. मग पुढच्यावर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा फुल्या.

"आपा, क्या हुआ? माल तर चोख हाय," कारखान्याचे मालक अब्दुर्रहमान सेठ कपाळाला हात लावून म्हणाले. "नजर कमी झाली असेल तर उद्यापासून घडी घालायला बसा."

"घडी घालायला तुमच्या मेहुण्याला बसवा, सेठ!" तोंड चाललं खरं, पण नजरेची खात्री तिलाही नव्हती.

तिने जोयाला फोन लावला. ही भाची कॉलेजात फिजिक्स शिकवते. जोया आली, मलमल डोळ्यांपुढे धरली आणि हसली. "मलाही नऊच दिसतात, खाला. याला विवर्तन म्हणतात. धाग्यांमधल्या बारीक फटींतून जाताना उजेडाची लाट वळते, पसरते. विलायतेत याचं 'डिफ्रॅक्शन' हे नाव साडेतीनशे वर्षांपूर्वी एका इटालियन पाद्र्याने लॅटिनवरून ठेवलं. मूळ अर्थ, मोडून तुकडे होणं."

"वळते म्हणतेस, आणि नाव मोडल्याचं?"

"त्याला तसं दिसलं. आपल्या 'विवर्तन' शब्दात वळणं आहे."

"मग उजेड मोडतो की वळतो?"

"वळतो."

"तुकडे तर मी मोजले, बाई!"

डोक्यात गुंता तसाच ठेवून सईदाने सेठला हाताला धरून खिडकीशी आणलं. "मोजा."

सेठ मोजत राहिले. एकदा, दोनदा. "नऊ... आपा, ये क्या बला है?"

"कापडात दोष नाही, डोळ्यांतही नाही. एवढंच कळलंय. माझ्या फुल्याच चुकीच्या."

सेठने मलमल हळूच खाली ठेवली. "उद्या इथेच उभ्या राहा. आणि गिऱ्हाइकाला हे दाखवू नका, घाबरेल बिचारा."

सईदा फुल्या झटकायला बसली; ओठांत मात्र पुटपुटणं चालूच होतं, वळतो, मोडतो, वळतो.