माझ्या शिफारशीचं गॅरेज

ती घटना विसरावी म्हणून मी बरेच प्रयत्न केले, पण रस्त्यात एखाद्या गाडीचा बंपर तुटलेला दिसला की ती आठवतेच. निवृत्त अधिकारी आठवणी सांगायला बसले की बहुधा दरोडा, खून, आंतरराज्य टोळी असं काहीतरी काढतात. माझ्याकडेही तसली दोन-तीन प्रकरणं आहेत, पण त्यात डोकं हाताखालच्या लोकांनी चालवलं होतं. ज्यात सगळी हुशारी माझी एकट्याची होती, ते प्रकरण हे. नावं कुणाचीच घेत नाही.

तेव्हा मी नांदेड शहराबाहेरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याचा बराच तुकडा आमच्या हद्दीत. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, गुडघे कुरकुरत होते. सकाळी हजेरी, मग डाक, मग तक्रारदार, मग कुठलातरी बंदोबस्त. खुर्चीतून उठायचं म्हणजे दोनदा विचार करायचा, अशी गत.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक ठाण्यांचं एक गॅरेज असतं. सरकारी कागदावर ते कुठेच नसतं. अपघात झाला की वाहन उचलायला क्रेन लागते आणि ठाण्याकडे क्रेन नसते. मग एखादा मिस्त्री एका फोनवर येतो, गाडी उचलून ठाण्याच्या आवारात आणून टाकतो, रस्ता मोकळा होतो. तो काही मागत नाही. पुढे गाडीचा मालक आम्हाला विचारतो, "साहेब, दुरुस्तीला कुठं टाकू?" तेव्हा आमच्या तोंडून त्याच मिस्त्रीचं नाव निघतं. यात कुणी कुणाला काही दिलं नाही, अशी सगळ्यांची समजूत असते. माझीही होती. शिवाय माझी स्वतःची गाडी मी बंगल्याच्या फाटकाला घासली होती, ती त्या मिस्त्रीने विम्यातून अशी काही करून दिली की शोरूममधून काढल्यासारखी. एका ओरखड्यासाठी अख्खी बाजू नव्याने कशी रंगली, हे मी विचारलं नाही. आरोपीला शंभर प्रश्न विचारणारा माणूस आपल्या फायद्याच्या ठिकाणी एकही विचारत नाही.

तर एका सकाळी एक गुरुजी आले. चाकूरकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, राहायला लातूरला. आदल्या संध्याकाळी नांदेडला सासुरवाडीला येताना दिवेलागणीला रानडुक्कर आडवं आलं. पांढरी गाडी, डावा कोपरा फुटला. विम्यासाठी ठाण्याची नोंद हवी होती. मी जमादाराला सांगितलं, "गाडी बघा, पंचनामा करा, कागद द्या." जमादार म्हणजे आमचे हवालदार. हे गृहस्थ पंचनामा लिहायला बसले की टायरमध्ये अडकलेला खडासुद्धा लिहायचे. त्यांच्या या सवयीची मी चारचौघांत टिंगल करायचो.

ते आवारात लिहीत होते तोवर मी गुरुजींना चहा पाजला. त्यांच्या हातात विमा कंपनीने पाठवलेली वर्कशॉपची यादी होती.

"साहेब, यातली दोन लातूरला आहेत, एक इथं. कंपनीच्या वर्कशॉपला टाकावी की बाहेर? बाहेर टाकली तर क्लेम अडकतो म्हणतात."

"गुरुजी, यादी खिशात ठेवा," मी म्हणालो. "गाडी तुमची, विमा तुमचा. गॅरेज निवडायचा हक्कही तुमचाच."

"हो साहेब."

"आणि कुठलं निवडायचं ते मी सांगतो."

मिस्त्रीला मी समोरच फोन लावला. पंचनामा सहीला आला तो न वाचता सही केली. गुरुजी दोन वेळा आभार मानून गेले. खुर्चीतून न उठता एक समाजकार्य झालं म्हणून मीही खूश.

गुरुजींना डुक्कर आडवं आलं त्याच संध्याकाळी त्याच रस्त्यावर एक दूधवाला मोटारसायकलसह खड्ड्यात पडलेला सापडला होता. बेशुद्ध होता. घसरून पडला असावा अशी आमची नोंद. आठवड्याने शेजारच्या शेतातला एक माणूस जबाब द्यायला आला. इतके दिवस तो भीतीने गप्प होता. त्याने पाहिलं ते असं: पांढऱ्या गाडीने डाव्या बाजूने उडवलं, समोरच्या काचेचं जाळं झालं, गाडी थांबली नाही.

गुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पांढरी गाडी हुडकून राहिलेत ना? एक हाय. डाव्या बाजूनं पार चेपली, समोरची काच फुटलेली. लातूर पासिंग."

"कुठे आहे?"

"तुमच्याच माणसाच्या गॅरेजात."

मी स्वतः गेलो, गुडघ्यांसकट. गाडी बघितली आणि गुरुजींचा आभार मानतानाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. बॉनेट वाकलेलं, मडगार्ड आत गेलेलं, समोरच्या काचेचं जाळं. मिस्त्रीला विचारलं, "अशीच आली होती?"

मिस्त्रीने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "हाव साहेब, अश्शीच."

माझ्या डोक्यात सगळं खटाखट जुळलं. गुरुजीने दूधवाल्याला उडवलं आणि सकाळी डुकराची गोष्ट घेऊन ठाण्यातच आला. स्वतःचं झाकायला माझीच नोंद वापरली, माझा चहा प्याला! राग गुन्ह्याचा किती आणि चहाचा किती, ते आज नक्की सांगता येणार नाही.

गुरुजींना बोलावून घेतलं. मारहाण मी नोकरीत कधी केली नाही. माझी पद्धत म्हणजे समोर बसवायचं, फाईल चाळत राहायचं आणि गप्प बसायचं. निम्मे लोक त्या शांततेलाच घाबरून बोलतात.

"गुरुजी, डुक्कर केवढं होतं?"

"मोठं होतं साहेब."

"उडी मारून काचेवर आलं?"

गुरुजी खाली बघत राहिले.

"काच कशी फुटली?"

उत्तर नाही.

"बॉनेट?"

त्यांनी एकदा वर बघितलं. माझ्याकडे, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे. त्या नजरेत काहीतरी होतं जे मला ओळखू यायला हवं होतं. मी त्याला अपराधीपणा असं नाव दिलं आणि मोकळा झालो.

तीन तास हेच. डुकराबद्दल विचारलं की माणूस घडाघडा बोलायचा. कुठला मैलाचा दगड, कुठलं वळण, डुक्कर कुठल्या बाजूने आलं, सगळं. काच म्हटलं की कुलूप. शेवटी एवढंच म्हणाले, "साहेब, अटक दाखवू नका. निलंबन होईल माझं. गावात तोंड दाखवता येणार नाही. पोरांपुढं कसा उभा राहू?"

सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला की निलंबन ठरलेलं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हणालो, "तो दूधवाला दवाखान्यात पडलाय, त्याच्या पोरांचं काय?" हे बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. लिहितोय ते यासाठीच.

अटकेचा कागद तयार करायला सांगितला आणि जेवायला बसलो. तेवढ्यात लातूरच्या एसटीने त्यांची बायको आली. ठेंगणी बाई, पदर खोचलेला, हातात पाण्याची बाटली. ठाण्यात येणारी माणसं आधी उंबऱ्यात थबकतात. ही सरळ माझ्या टेबलापर्यंत आली.

"ह्यांनी काय केलं साहेब?"

"ताई, तुमच्या मिस्टरांनी माणूस उडवलाय. गाडीची काच सांगते."

"काच? काच तर तुमच्या माणसानं फोडली!"

मी डबा बाजूला सरकवला. "कोणता माझा माणूस?"

"गॅरेजवाला! तिसऱ्या दिवशी हे गाडी बघाय आले तर त्यो हातोडा घेऊन बॉनेटवर बसलेला. ह्यांनी इचारलं, हे काय करून राहिलात? तर म्हणला, सर्व्हेवाला यायच्या आधी थोडं वाढवावं लागतं, क्लेम मोठा बसतो. हे म्हणले, आम्हाला नको असला क्लेम. तर म्हणला, गुरुजी, साहेबांच्या गाडीलाबी असंच केलं, गप बसा."

मी डबा बंद केला.

"मग हे त्यांनी मला का नाही सांगितलं? सकाळपासून विचारतोय."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या ढ पोराकडे शाळेत बघतात. "साहेब, तुमचं नाव तुमच्याच पुढं कसं घ्यायचं? तुम्हीच पाठवलं, तुमचाच माणूस, आन् इचारायलाबी तुम्हीच बसलेले. घरी येऊन चार रोज धड जेवले न्हाईत. मी म्हणलं गाडी काढून आणा. तर म्हणले, साहेबांना वाईट वाटंल."

साहेबांना वाईट वाटेल. तो माणूस सकाळपासून माझ्यासमोर का गप्प होता, ते मला आत्ता कळलं. मी त्यात सामील आहे, अशी त्याची खात्री होती. काचेचं खरं सांगितलं तर माझ्यावर आरोप, नाही सांगितलं तर स्वतःवर. त्याने स्वतःवर घेतलं.

पण बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच. मला पुरावा हवा होता. मी जमादारांना हाक मारली, "त्या दिवशी पंचनाम्यात काचेचं काही लिहिलं होतं का हो तुम्ही?"

जमादार गेले आणि कागद घेऊन आले. पानभर बारीक अक्षर. डावा बंपर तडकलेला, डावा दिवा फुटलेला, जाळीत राठ काळे केस अडकलेले. पुढे स्वच्छ लिहिलं होतं: बॉनेट व समोरची काच शाबूत. सोबत मोबाईलवर काढलेले चार फोटो. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे. ज्या गाडीने दूधवाल्याला उडवलं तिची काच तेव्हाच फुटली होती. ही ती गाडी असूच शकत नव्हती.

पानाच्या खाली माझी सही होती.

"जमादार, हे तुम्ही सकाळीच का नाही सांगितलं?"

"साहेब, मी दूधवाल्याच्या घरच्यांबरोबर दवाखान्यात होतो. आन् सही तुमची हाय. मला वाटलं, तुम्ही वाचलं असंल."

गुरुजींना आतून बोलावलं. मी उभा राहून माफी मागितली. ते इतके गोंधळले की उलट तेच म्हणाले, "असू द्या साहेब, होतं." बायको मात्र म्हणाली, "काय होतं? काय होतं?" आणि त्यांचा हात धरून बाहेर घेऊन गेली. मी जीपने बसस्टँडपर्यंत सोडायचं म्हणालो. बाई पायरीवरून वळल्या. "नको साहेब. पोलिसाच्या गाडीतून उतरताना कुणी बघितलं तर तेबी आम्हालाच निस्तरावं लागंल." ती दोघं रिक्षा बघत रस्त्याच्या कडेने चालत गेली.

मिस्त्रीला आणलं. त्याला माझ्या रागाचंच आश्चर्य वाटलं.

"साहेब, पैसा कंपनीचा. आपल्या कुणाचं काय गेलं?"

"गुरुजी आत गेला असता!"

"तुम्ही इचारलं अशीच आली का, म्हणून मी हाव म्हणलो. खरं सांगितलं असतं तर मीच आत गेलो असतो. मला काय माहीत तुम्ही माणूस उडवल्याचं हुडकून राहिलात? मला वाटलं, क्लेमचं बघाय आलेत. तुमच्या गाडीचं येळेला तर काही इचारलं न्हवतं."

मी विमा कंपनीला फोन लावला. विमा कंपनीच्या तक्रारीवरून त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. मग वरिष्ठांना अहवाल लिहायला बसलो. दोनदा लिहिला. दोन्ही वेळा वाक्यरचना अशी झाली की गुरुजींनी गॅरेज आपणहून निवडलं. जमादारांनी मसुदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "साहेब, एक ओळ राहिली." मी ती ओळ घातली. माझ्या गाडीची ओळ त्याखाली मीच जोडली. त्यावर माझा कसुरी अहवाल, म्हणजे कामात कसूर केल्याचा ठपका, निघाला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे. त्यानंतर हद्दीत ट्रक उलटला की क्रेनसाठी दोन-दोन तास हात जोडत फिरायचो आणि मागे अडकलेले लोक मला शिव्या द्यायचे. त्या मला नीट ऐकू यायच्या.

दूधवाला वाचला, पण पाय अधू राहिला. खरी गाडी सापडली नाही. आधी आठवडा 'घसरून पडला' या नोंदीत गेला, वर मी चुकीच्या गाडीमागे लागलो, तेवढ्यात ती कुठल्यातरी गॅरेजातून नवी काच बसवून बाहेर पडली असणार. पुढे त्या गुन्ह्यात 'अ' समरी झाली, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी अज्ञात. दर महिन्याच्या आढाव्यात ती फाईल निघायची तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो.

लोक आजही मला विचारतात, विम्यातून गाडी करायची आहे, कुठं टाकू? मी सांगतो: गाडी देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, सर्व्हेयर येईल तेव्हा स्वतः हजर राहा, काढलेले जुने भाग बघायला मागा, आणि साहेब लोकांना विचारू नका. शेवटचं ऐकून ते हसतात. वर्दीतला माणूस सल्ला देतो तेव्हा समोरच्याला तो हुकूम म्हणून ऐकू येतो. आणि हुकूम मोडता येत नाही म्हणून जो गप्प बसतो, त्याच्या तोंडाकडे बघून आम्ही गुन्हा शोधतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे मला एका बाईने जेवणाच्या सुट्टीत शिकवलं.

गुरुजींनी गाडी लातूरला यादीतल्या वर्कशॉपला टाकली. क्लेमसाठी त्यांना आमच्या पंचनाम्याची साक्षांकित प्रत लागली. ती घ्यायला ते स्वतः आले नाहीत, मेहुण्याला पाठवलं. मेहुणा पायरीखाली उभा राहिला. मी आतून ऐकत होतो.

"साहेब हायेत का आत?"

"हायेत," जमादार म्हणाले. "या की, आत बसा. चहा घ्या."

"नको," तो म्हणाला. "दाजींनी सांगितलंय, कागद बाहेरूनच घे आन् चहाला थांबू नको."