आधी आडवं व्हा

मिस्त्रींच्या शेडमध्ये गाडी घेऊन येणाऱ्याला पहिली आज्ञा मिळे ती आडवे होण्याची. नमस्कार नाही, विचारपूस नाही. मिस्त्रींनी पुढचे चाक जॅकवर उचलायचे, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, शेजारी ज्वारीचे रिकामे पोते अंथरायचे आणि मालकाच्या तोंडाकडे न बघता म्हणायचे, “आधी आडवं व्हा.” मग तो मालक कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत असो की सुटाबुटात. गाडीखाली शिरून झिजलेल्या सांध्यावर ज्याने स्वतःचे बोट ठेवले नाही, आणि वरून मिस्त्री चाक हलवीत असताना त्या सांध्याची टकटक ज्याच्या बोटाला लागली नाही, त्याच्या गाडीला मिस्त्रींचा पाना लागत नसे.

गेल्या महिन्यात मिरजगावात त्यांची शोकसभा झाली. एका वक्त्याने त्यांना मृदुभाषी म्हटले. दुसऱ्याने सांगितले की, त्यांच्या शेडमधून चहा घेतल्याशिवाय कोणी परतले नाही. मी पहिल्या रांगेत होतो. उठून दोन्ही विधाने तिथल्या तिथे खोडून काढणार होतो. पण शेजाऱ्याने सदरा धरून मला खाली बसवले. ते राहिले, म्हणून आता लिहितो. मिस्त्री मृदुभाषी नव्हते. त्यांच्या शेडमध्ये चहा मिळत नसे आणि बसायला खुर्चीही नसे. गोड बोलणारे, चहा पाजणारे गॅरेजवाले सोलापूर रस्त्यावर पुष्कळ होते व आहेत. मिस्त्री त्यांच्यातले एक असते, तर मला हा मजकूर लिहावाच लागला नसता.

ते फक्त गाडीच्या पुढच्या चाकांचे काम करीत. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोअर आर्म, त्याच्या टोकाचा सांधा म्हणजे बॉल जॉइंट, बुश, शॉकअप, बस. इंजिनाची तक्रार घेऊन कोणी आलाच तर हाताने कर्जतचा रस्ता दाखवीत. पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये ते उमेदीत काम शिकले होते आणि ते सांगण्याची एकही संधी सोडीत नसत. “नगर ते करमाळा ह्यो सांधा वळखनारा दुसरा दावा मला,” असे ते गिऱ्हाइकाला उघड आव्हान देत. विनय हा गुण त्यांच्यात नव्हता. माझ्यातही नाही, त्यामुळेच आमचे जमले असावे.

परदेशी, महागड्या गाड्यांविषयी त्यांचे मत मात्र गावाच्या मताच्या अगदी उलट होते. गावाला अशी गाडी म्हणजे सुरक्षिततेची तिजोरी वाटे. मिस्त्री म्हणत, “जीप बरी. तिचं काय दुखलं तर ती खडखड करून सांगती. ही भारी गाडी मालकाला गादीवर निजवती आन् मंग मारती.” त्यांच्या नियमाचे मूळ या वाक्यात होते. मऊ गाडीत बसलेल्याला पुढचा सांधा किती झिजला आहे हे वर बसून कळत नाही. म्हणून त्याने खाली यायचे. एकदा एका साखर कारखान्याचे पदाधिकारी आले. आडवे होण्याची आज्ञा ऐकून त्यांनी आपल्या अंगरक्षकाला पोत्यावर झोपवले. मिस्त्री जॅकचा दांडा हातात धरून शांतपणे म्हणाले, “गाडी ह्येच्या नावावर करा साहेब, मंग ह्येनं बघितलेलं चालंल.” साहेब झोपले. उठताना त्यांनी हात पुढे केला, तो मिस्त्रींनी धरला नाही.

मला स्वतःलाही त्यांनी सोडले नव्हते. कर्जतच्या कोर्टात माझी वकिली त्या वेळी जोरात होती, आणि शेडमध्ये उभा राहून मी बॉल जॉइंट खराब असल्याचा पुरावा मागितला. ते पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, “वकीलसाहेब, साक्षीदार खाली हाय. वर हुबं राहून कसली उलटतपासनी घेताय?” मी खाली गेलो. साक्षीदार खरे बोलत होता.

आता त्या खंडेनवमीविषयी. याबाबत दोन हकिकती प्रचलित आहेत. गावाची हकिकत अशी की, माझा धाकटा भाऊ बापू त्या दिवशी गाडी घेऊन गेला, पण हत्यारे पूजेत मांडलेली असल्याने मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी बापूचा जीव गेला. माझ्या पुतण्याची, म्हणजे बापूच्या मुलाची, हकिकत अशी की, मिस्त्रींनी त्या दिवशी हलका, नकली पार्ट बसवला आणि तो तुटला. ज्याने हत्याराला हात लावला नाही त्याने पार्ट कसा बसवला, हा साधा प्रश्न या दोन्ही पक्षांना आजवर पडलेला नाही. दोघे एकाच पंगतीत बसून दोन्ही हकिकती सांगतात आणि एकमेकांना माना डोलावतात. त्या शेडमध्ये त्या दिवशी तिघेच होतो: बापू, मिस्त्री आणि मी. त्यांतला आता मी एकटा उरलो आहे.

बापूची गाडी काळी, जर्मन, पुण्याहून जुनी घेतलेली. तिच्यावर त्याचा फार जीव. आणि खरे सांगायचे, तर मिस्त्रींचाही त्या एका गाडीवर जीव होता. त्यांच्या पत्नीचे पोटाचे ऑपरेशन नगरला झाले, तेव्हा बापूने तिला याच गाडीच्या मागच्या सीटवर निजवून मिरजगावला घरी आणले होते. ती माउली पुढे फार जगली नाही, पण मिस्त्री कायम सांगत, “टाक्यांला एक हिसका बसू दिला न्हाई बापूंनी.” ज्या मऊपणाला ते एरवी शिव्या देत, त्याच मऊपणाचे ऋण त्यांच्यावर होते.

खंडेनवमीला आम्ही पोहोचलो तेव्हा शेड धुतलेली होती. पाने, हातोडे, पहार, जॅक, सारे लाल कपड्यावर ओळीने मांडून त्यांवर हळदकुंकू आणि झेंडू वाहिला होता. मिस्त्री अंघोळ करून नव्या टोपीत बसले होते. बापू म्हणाला, “मिस्त्री, डावीकडून काहीतरी टक करतंय. उद्या सोलापूरला जायचंय, लेकीला, वैशालीला बाळंतपणाला आणायला. बघून दे.”

मिस्त्रींनी पूजेकडे पाहिले. मग त्यांनी जॅकवरचे फूल उचलून कपड्यावर ठेवले, जॅकला नमस्कार केला आणि तो उचलला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या तळव्याला लागलेले ओले कुंकू बापूच्या काळ्या गाडीला लागले, तेही मी पाहिले आहे. पूजेतले हत्यार त्या दिवशी उचलू नये ही आपली रीत, आणि ती त्यांनी बापूसाठी मोडली. गावाने त्यांच्यावर नेमका उलटा आरोप ठेवावा, याला काय म्हणावे?

चाक उचलले. मिस्त्रींनी ते वरखाली धरून हलवले. टक. पुन्हा हलवले. टक. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पोते अंथरले आणि म्हणाले, “बापू, आडवं व्हा.”

बापू हसला. त्याच्या अंगावर नवे कपडे होते. घरी देवीचा नैवेद्य वाट पाहत होता. “आजच्या दिवशी नको रे. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं.”

जॅकच्या दांड्यावर हात ठेवून मिस्त्री उभे राहिले. कारखान्याच्या साहेबांना ज्यांनी सोडले नाही, मला सोडले नाही, त्यांनी ते पोते गुंडाळून कोपऱ्यात ठेवले.

“बॉल जॉइंट गेलाय,” ते म्हणाले. “अख्खा आर्म बदलावा लागंल. पुन्यास्नं मागवावा लागतो, आन् सनाची दुकानं बंद. गाडी हितंच ठिवा.”

“मागव की. तोवर हळू चालवतो.”

“लेकीला ह्या गाडीत घालू नका, बापू.”

“बरं बरं.”

एवढेच. कोणताही पार्ट त्या दिवशी बसवला गेला नाही. परतताना गाडीत मी बापूला चांगलेच फैलावर घेतले. तो म्हणाला, “दादा, हे कोर्ट नाही. तिला सातवा लागलाय, एस.टी.च्या हिसक्यांत आणू का? मिस्त्रीच्या बायकोला टाके असताना हीच गाडी होती ना?” मी बोललो म्हणूनच त्याने ऐकले नाही, असे माझी भावजय पुढे म्हणत असे. मी गप्प बसलो असतो तर त्याने ऐकले असते, याचा पुरावा तिने कधी दिला नाही.

दसऱ्याच्या सकाळी, मिरजगाव मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर, खड्ड्यात पडून पुढचे डावे चाक आत मुडपले. गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. बापू एकटाच होता. लेक तिकडे सोलापूरला उंबऱ्यात वाट बघत उभी होती.

मी पोहोचलो तेव्हा बापूला नेलेले होते आणि गाडीभोवती माणसे जमली होती. माझ्यामागून मिस्त्री आले. कोणाशी न बोलता ते त्या मोडलेल्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी गेले आणि चिखलात आडवे झाले. पोते नव्हते. कितीतरी वेळ ते बाहेर येईनात. गर्दीत कोणीतरी म्हणाले, “पुरावा लपवतोय.” पुतण्याच्या हकिकतीचा उगम या वाक्यात आहे. मी वाकून पाहिले: त्यांचा हात त्या तुटलेल्या सांध्यावर होता आणि ते तो नुसता धरून होते. पार्ट मूळचाच होता, कंपनीची खूण त्यावर शाबूत होती. बाहेर आल्यावर ते मला एवढेच म्हणाले, “मी आडवं केलं न्हाई त्यांला.”

त्यानंतर शेडमध्ये गाड्या येईनाशा झाल्या. आधी मोठ्या गाड्या बंद झाल्या, मग जीपा आणि टेम्पोही. मी त्यांच्याकडे जाऊन म्हणालो, “मिस्त्री, ग्रामसभेत उभे राहा. मी साक्ष देतो. जॅक उचलला होता म्हणून सांगा, गाडी इथेच ठेवा म्हणालो होतो म्हणून सांगा.”

ते रिकाम्या शेडमध्ये पाने पुसत बसले होते. “बापूच आयकंनात, असं त्यांच्या बायकूच्या तोंडावर सांगू? त्यांनी माझ्या बायकूला कसं आनलं हुतं, तुमाला ठाव न्हाई?”

“पण लोक खोटे बोलताहेत.”

“लोकं बोलत्यात ते खोटं हाय, वकीलसाहेब. पन माझं चुकलं न्हाई, असं बी न्हाई.”

यावर मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. एका चुकीची शिक्षा दुसऱ्याच, न केलेल्या गुन्ह्याखाली भोगणे कोणत्याही न्यायात बसत नाही, हे मी तेव्हा सांगितले आणि आजही सांगतो. त्यांनी ते मानले नाही. नंतरची सारी वर्षे ते रोज सकाळी शेड उघडत, पूजा करीत आणि बसून राहत. खंडेनवमीला जॅक मात्र लाल कपड्यावर मांडीत नसत. तो भिंतीशी तसाच उभा ठेवीत. माझ्या साक्षीचे म्हणाल, तर ती मी चावडीवर, लग्नात, मयतीत, सगळीकडे दिली. लोक म्हणत, वकीलसाहेबांना काय, वादच हवा असतो.

गेल्या वर्षी वैशाली माझ्याकडे आली. तिचा मुलगा आता शाळेत जातो. मोठी गाडी ती स्वतः चालवते. म्हणाली, “काका, आमचा दादा एक सांगतो, गाव दुसरं सांगतं, तुम्ही तिसरं. मला मिस्त्रींना भेटायचंय. आणि माझ्या गाडीचंही पुढून काहीतरी वाजतंय.” मी तिला घेऊन गेलो.

मिस्त्री फार वाळले होते. तिला त्यांनी ओळखले नाही. मीही मुद्दामच ओळख करून दिली नाही. जॅकच्या दांड्यावर दोन्ही हातांनी जोर देत चाक उचलले, ठोकळे सरकवले, पोते अंथरले.

“आधी आडवं व्हा, बाई.”

ती साडीचा पदर खोचून आडवी झाली. मिस्त्रींनी वरून चाक हलवले. टक. तिने सांध्यावर बोट ठेवले होते. तिने खालूनच विचारले, “माझ्या बाबांच्या गाडीचं असंच होतं का? बापूंच्या?”

मिस्त्रींचा हात चाकावरच राहिला. “ह्याहून वंगाळ हुतं,” ते म्हणाले.

“त्यांना दाखवलं होतं?”

“सांगितलं हुतं. दावलं न्हवतं.”

ती लगेच बाहेर आली नाही. आली तेव्हा पाठ धुळीने भरलेली होती आणि डोळे लाल होते. मिस्त्रींनी तिला उठवायला हात दिला. तो हात त्यांनी कधी कोणाला दिलेला मी पाहिला नव्हता. मग ते गाडीच्या दारापाशी गेले, किल्ली काढली आणि बंडीच्या खिशात घातली.

“ह्यो आर्म आला की मी मानूस बोलवून बसवून घेतो. माझा हात आता थिर ऱ्हात न्हाई. तोवर गाडी हितनं हलनार न्हाई.”

“अहो, पण मला उद्या पुण्याला पोचायचंय,” वैशाली म्हणाली. “मी अगदी हळू चालवीन.”

“यष्टी हाय,” मिस्त्री म्हणाले.

मी तिच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. आम्ही दोघे फाट्यावर येऊन एस.टी.त चढलो. एस.टी. भरलेली होती, खड्डे होते, आणि प्रत्येक हिसक्याला वैशाली पुढच्या सीटची दांडी घट्ट धरीत होती. शेडसमोरून जाताना मी खिडकीतून पाहिले. मिस्त्री पोते पसरून तिच्या गाडीच्या पुढच्या चाकासमोर, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. एक हात खिशावर होता.