म्हाळाचा घास

कडेगावच्या अंजनाबाईंनी तोंड उघडलं की भाजीवाला आपणहून भाव उतरवायचा. असली बाई आयुष्यात एकदाच गप्प बसली आणि तेच तिच्या मानगुटीवर बसलं.

नवरा गुंडा मागच्या वर्षी गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मुलगा विश्वजित म्हणाला, "आबा, आईला सांबाळतो." दीर म्हणाले, "विहीर इकणार न्हाई." कावळे बाभळीवरून नुसते बघत राहिले. गुंडाला काय हवं होतं हे अंजनाबाईंना पक्कं ठाऊक होतं. लेक सोनमनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून अंजनाबाईंनीच तिला घराचं दार बंद केलं होतं. आजारपणात गुंडा दारातल्या विजेच्या खांबाच्या दिव्याखाली खाट टाकून रस्त्याकडे बघत पडायचा. पिंडासमोर अंजनाबाईंनी 'पोरीला बोलावते' एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत आपली हार दिसली असती. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं जेवायला गेली.

यंदा पितृपक्षात म्हाळ घातला. गच्चीवरचा घास दिवस मावळला तरी तसाच होता. सकाळी बघतात तर पानसुद्धा नाही. सून संयोगिता म्हणाली, "आवं आत्या, वास यायला लागला हुता. ओल्या कचऱ्यात टाकला, घंटागाडी घिऊन गेली."

पायात चपला सरकवून अंजनाबाई तडक गावाबाहेरच्या कचऱ्याच्या प्रकल्पावर गेल्या. तिथं शेडच्या पत्र्यावर कावळ्यांची ही गर्दी! यांच्या गच्चीवर यायला मात्र एकालाही सवड झाली नव्हती.

"सकाळच्या गाडीतनं आमच्या ह्यांचा घास आलाय. कुटं हाय?" त्यांनी मशीनवरच्या पृथ्वीराजला विचारलं.

तो हसला नाही. त्यानं मोठी हिरवी टाकी दाखवली. "दळून आत गेला, मावशी. आता सडणार, त्याचा ग्यास हुणार, ग्यासवर वीज."

"मग?"

"मग काय, तुमच्या गल्लीतलं दिवं लागत्यात त्याच्यावर. महिनाभर जातो ह्याला."

अंजनाबाईंनी टाकीला हात लावला. पत्रा कोमट होता आणि आत काहीतरी खदखदत होतं. त्या झटकन मागे सरल्या.

घरी आल्यावर दारातला खांब दिसला आणि त्या थांबल्या. आता कावळ्याची वाट बघायला नको होती. महिन्यानं गुंडा स्वतःच दिवा होऊन येणार होता, रोज संध्याकाळी, खाट टाकायचा त्याच जागी, रस्त्याकडे बघत. त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीतही त्याची इतकी आठवण आली की त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"संयोगिता, सोनमला फोन लाव."

सुनेनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो" आलं.

"सोनम," अंजनाबाई म्हणाल्या, "महिन्याच्या आत ये, बाय. तुजं आबा दारात येणार हाईत. पुन्यांदा रिकामा रस्ता मी त्यास्नी कसा दावू?"