रांगत ये, म्हणाले अध्यक्ष

"तो वॉकर बाजूला करा. पोरगी रांगत आली पाहिजे."

अध्यक्ष हे फोटोवाल्याला हळूच म्हणाले. मी ऐकलं. अधू माझे पाय होते, कान नव्हते.

जळगावच्या एका सभागृहात एका दानशूर संस्थेचा अपंग मुलांना चाकाच्या खुर्च्या वाटायचा कार्यक्रम होता. मी दहा वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, म्हणून पाय ताठ, चालताना एकमेकांत अडकणारे. माय मला अमळनेरहून सकाळच्या एसटीनं घेऊन आली होती. यादीत माझं नाव कुणी घातलं, ठाऊक नाही. खुर्चीसाठी माझं माप तर कुणीच घेतलं नव्हतं. या लोकांच्या दयेला माप लागत नाही. फोटो लागतो.

आणि मला खुर्ची नकोच होती. तीन वर्षं माय मला दर आठवड्याला धुळ्याला नेत होती, शबाना मॅडमकडे. मॅडम फिजिओथेरपिस्ट. त्या माझ्या टाचा ताणायच्या, मी शिव्या द्यायचे. त्या म्हणायच्या, "दे अजून एक. पण गुडघा सरळ ठेव." जमिनीवरून उठायला त्यांनीच शिकवलं. आधी एक गुडघा, मग एक पाऊल, मग कशाला तरी धरून वर. एवढ्याला दीड वर्ष लागलं. ज्या दिवशी मी वॉकर घेऊन एकटी संडासात गेले आणि आतून कडी लावली, त्या दिवशी माय दाराबाहेर बसून रडली. त्या कडीची किंमत या सफारी सूटवाल्यांना काय कळणार? त्यांच्या गाडीचं दारसुद्धा दुसराच कोणी उघडतो.

माझं नाव पुकारलं. माय खाली बघत पुटपुटली, "खाले बस, माय. बठ्ठा देखी राहिनात."

सगळे बघत होते. मी स्टेजवर रांगले. फ्रॉक गुडघ्याखाली अडकत होता. टाळ्या. पहिल्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती. अध्यक्ष वाकून म्हणाले, "जरा हळू. इकडे बघ. हसू नको."

हसू नको!

मी थांबले. समोर हारतुऱ्यांचं टेबल होतं. एक गुडघा टेकला. एक पाऊल पुढं. टेबलाची कड धरली. गुच्छ खाली पडले, पाय लटपटले, पण मी उभी राहिले. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. उभी पोर त्याच्या कामाची नव्हती.

"अगं बस, बस," अध्यक्ष म्हणाले. "खुर्ची आणलीय ना तुझ्यासाठी."

"मला चालता येतं. माझा वॉकर द्या."

माईक चालू होता. माय वॉकर घेऊन स्टेजवर आली. तिनं अध्यक्षांकडे पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. "मनी पोर चालस," माझी पोर चालते, एवढंच म्हणाली.

मागून कुणीतरी बोललं, "उपकाराची जाण नाही या लोकांना."

नाहीच. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा रांगतानाचाच फोटो आला. त्या माणसांना तोच पुरला.

खुर्ची वाईट नसते. ज्याला लागते त्याचा तो हक्क. पण आधी त्याला विचारा तरी.

आज अमळनेरात माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दिव्यांग दाखल्यासाठी आया येतात, पोरं कडेवर. सगळ्यांचा एकच प्रश्न, "ताई, व्यायामाला कुठं नेऊ?" आमच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी. इतकी जुनी रिकामी, की ती आहे हेच लोक विसरले.

गेल्या महिन्यात नऊ आया घेऊन मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "एखाद्या दानशूर संस्थेला सांगतो. मोठं शिबिर घेतील."

"शिबिर नको," मी म्हटलं. "पोरांना रोज व्यायाम लागतो. माणूस नेमा."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सोमवारी या."

गेलो. आया आता नऊ नव्हत्या, चौदा होत्या. त्यांनी पुन्हा सोमवार दिला. त्यांना वाटतं, या बाया दमतील. वाटू दे. जागा भरेपर्यंत त्यांचा एकही सोमवार आता त्यांचा नाही.