टेबलाखालचा कुत्रा

ईडन प्रेरीला आमच्या शेजारी एक इटालियन आजी राहतात. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आल्या, त्या परत कधी गेल्याच नाहीत. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं इटलीला निघालो, तेव्हा मला म्हणाल्या, "जमलं तर आमच्या गावचं चर्च बघून ये. फोटो काढ हवे तेवढे, पण मला तोंडानं सांग. आता नीट दिसत नाही मला."

गाडी भाड्यानं घेऊन मुद्दाम गेलो. डोंगराच्या कुशीत छोटंसं गाव आणि टोकाला दगडी चर्च. बाहेरून अगदी साधं. आत छान गारवा, वर लाकडी तुळयांचं उघडं छप्पर. नवऱ्याचा सगळा जन्म पुलांची डिझाइन्स करण्यात गेलेला, त्यामुळे तो खांबांपाशीच अडकला. "हे बघ, एक खांब दुसऱ्यासारखा नाही. कुठल्यातरी जुन्या इमारतीचे आणून लावलेत. आखूड आहे त्याच्याखाली जाड बैठक दिलीय!" मी वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर रंगवलेलं निळं आकाश बघत बसले.

परत आल्यावर आजींना चहाला बोलावलं. मी सांगत होते, त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आणि कुत्रा?"

"कुठला कुत्रा?"

"डाव्या भिंतीवर येशूचं शेवटचं जेवण आहे ना? त्या टेबलाखाली."

मला कुत्रा आठवेना. नवऱ्यानं तो फोटो टीव्हीवर लावला. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली एक तपकिरी डाग होता. मोठा केल्यावर पाय दिसले, वळलेली शेपटी दिसली. तोंडाच्या जागी मात्र नुसता गिलावा. सांगावं की नाही, मला कळेना.

"आहे," मी शेवटी म्हणाले. "पण तोंड गेलंय त्याचं."

आजी खळखळून हसल्या. "ते आम्हीच घालवलं! प्रार्थना लांबली की आम्ही पोरं त्याचं नाक कुरवाळायचो. आई चिमटे काढायची. अजून काय काय दिसतंय?"

मी टीव्हीजवळ खुर्ची ओढली आणि टेबलाच्या एका टोकापासून सांगायला लागले. पाव, सुऱ्या, लाल वाइनचे पेले. "आणि हे खेकडे असावेत."

"खेकडे नव्हेत. आमच्या ओढ्यातल्या कोळंब्या त्या. चित्रकार आमच्याकडचाच होता, त्याला दुसरं काय माहीत असणार?"

"येशूच्या पानात तुमच्या गावच्या कोळंब्या?" नवरा म्हणाला.

"मग? पाहुणा आला की आमच्याकडे त्याच करायचे." आणि लिंबू पिळून, लसूण घालून त्या कशा करायच्या, ते आजी त्याला सांगू लागल्या. मी चहा पुन्हा गरम करायला उठले.