निळ्या काचेचा तुकडा

गॅस पेटवला की बाई एक डोळा मिटायच्या. पर्समधून निळ्या काचेचा तुकडा काढून दुसऱ्या डोळ्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "ज्योतीतला मिठाचा पिवळा रंग फार आगाऊ. तो झाकला की बाकीचे रंग दिसतात." गॅस माझा, चहा माझा आणि तपासणी यांची!

सौदीत दम्मामला त्या आमच्या शेजारी राहायच्या, भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. सुट्टीतही शिकवणं न थांबणारी अशी बाई तुमच्याही ओळखीत असेलच. त्यांचे मिस्टर कुवेतच्या सीमेलगत खफजीला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर होते. युद्ध पेटलं, खफजीवर तोफगोळे पडले, गाव रिकामं झालं, फोन बंद पडले. सगळे आले, मिस्टर नाही आले.

बाईंना मी आमच्याकडेच आणलं. सायरन झाला की विषारी गॅसच्या भीतीने फटींना टेप लावलेल्या आमच्या स्वयंपाकघरात सगळा मजला जमायचा. एका संध्याकाळी चहा ठेवलेला, सायरन चालू, आणि ज्योत एकदम हिरवीगार! "या अल्ला, गॅस सोडला!" समोरच्या रत्नागिरीच्या खाला किंचाळल्या. मी घाईघाईत मास्क उलटाच चढवला.

बाई वाकून बघत म्हणाल्या, "बोरॉन आहे. वहिनी, झुरळांसाठी बोरिक पावडरच्या गोळ्या कुठे ठेवल्यात?"

शेगडीखालीच की! एक बर्नरमध्ये गेली होती. हसून हसून आमची पोटं दुखली.

मग बाईंनी सीझियमची गोष्ट सांगितली. दोन जर्मनांनी झऱ्याचं पाणी पिंपंच्या पिंपं आटवलं. उरलेला चिमूटभर क्षार ज्योतीत धरला, उजेड लोलकातून पाहिला, तर पूर्वी कुणी न पाहिलेल्या दोन निळ्या रेघा! "धातू हाती यायला पुढे कितीतरी वर्षं लागली," बाई म्हणाल्या. "पण रेघ दिसली ना, म्हणजे तो आहे."

दुसऱ्या दिवशी खालांचा ट्रक चालवणारा भाऊ आला. "भाईसाहेबांना खफजीहून निघणाऱ्या बसमध्ये चढताना मी पाहिलं," म्हणाला.

"दिसले ना? मग आहेत," बाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. मला तर त्यांचा रागच यायचा. अहो, माणसाने रडावं की थोडं! पण रोज एक ताट जास्त वाढायच्या आणि झाकून ठेवायच्या.

बाई वारल्याला आता बरीच वर्षं झाली. काच त्यांनी भारतात परत जाताना मला दिली. ती हातात घेतली की मला दम्मामचं आमचं दारच आठवतं.

त्या दिवसांत एकदा बेल वाजली, बाईंनी दार उघडलं. बाहेर दाढी वाढलेले, धुळीने माखलेले मिस्टर. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कफीलकडे म्हणजे मालकाकडे राहिला म्हणून चेकपोस्टवर अडकून पडले होते. बाईंनी पर्समधून काच काढली, एक डोळा मिटला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आहेत," म्हणाल्या, आणि उंबऱ्यातच बसून हमसाहमशी रडल्या.