सील न तोडलेलं सनस्क्रीन

आज केमिस्टच्या दुकानात कुणीतरी सनस्क्रीन हातावर चोळून बघत होतं, आणि ती बाटली पाहून मला काही वर्षांपूर्वीचं इंग्लंडमधल्या वॉटफर्डचं आमचं किचन आठवलं. माझा नवरा डॉक्टर, शिवाय आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे बोलावणं आलं की लष्करासोबत जायचं. तीन महिने वाळवंटातल्या एका भल्यामोठ्या लष्करी तळावर काढून तो आदल्याच दिवशी परतला होता. फोनवर नेहमी म्हणायचा, "मजेत आहे गं, रोज उन्हात फुटबॉल खेळतो." जाताना बॅग मी यादी करून भरली होती, म्हणून रिकामीही मीच करत होते, एकेका वस्तूवर खूण करत. सनस्क्रीनच्या चारही बाटल्यांचं सील शाबूत होतं. टोपीचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं, आणि त्याचा चेहरा तो गेला तेव्हापेक्षा उजळ दिसत होता. मग हा माणूस होता कुठे, आणि कुणाबरोबर? "खरं सांग, तू तिथे गेलाच नव्हतास ना?" मी विचारलं. "आल्या डिटेक्टिव्ह बाई!" म्हणून तो हसला, पण माझ्या हातातली बाटली पाहून खुर्ची ओढून बसला. "बाहेर सोडतच नव्हते," तो म्हणाला. "सारखे सायरन, रॉकेट पडायची. काम बंकरमध्ये, झोपही तिथेच. सांगितलं असतं तर तू झोपली असतीस?" मला आधी हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. काल त्याला पुन्हा तिकडे जाण्याचं पत्र आलं. "आता अगदी शांत आहे तिथे," तो म्हणाला. "आणि सायरन?" मी विचारलं. तो उठला आणि डिशवॉशर रिकामा असताना हाताने कप घासू लागला.